सोनचाफ्याचा पूर्वपक्ष

झाड लावताना माणसे झाड निवडतात. ही पहिली चूक. निवडायची असते ती माती. झाड पुढे आपले आपण पाहून घेते. हा सिद्धान्त मी गेली दोन वर्षे भेटेल त्याला ऐकवीत आलो आहे, आणि या श्रावणात, लखनौच्या कानपूर रोडवरील आमच्या घराच्या अंगणात, मी तो प्रत्यक्ष सिद्ध केला होता. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल असा एक खड्डा, आणि त्या खड्ड्यात अशी माती, की तिच्यात छत्रीची काठी रोवली असती तर तिलाही पालवी फुटली असती. दुर्दैवाने पुढे त्या खड्ड्यात काठी सोडून बाकी सगळे पडले.

कलम होते सोनचाफ्याचे. माझी पत्नी सरोज हिच्या माहेरी, चिपळूणला, परसात एक जुना सोनचाफा होता. तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला आणि झाड गेले. ते जाण्यापूर्वी तिच्या भावाने त्याची दोन कलमे बांधून घेतली. पहिले आमच्याकडे आले आणि सहा महिन्यांत मेले. मेले ते माझ्यामुळे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवितो. नर्सरीवाल्याने "तालाब की मिट्टी है साहब, सोना समझिए" असे म्हणून दिलेली काळी, चिकट माती मी विश्वासाने वापरली. खड्ड्यात पाणी तुंबले, मुळे कुजली आणि पाने एकेक करून पिवळी पडली. सरोज यावर काहीही बोलली नाही. एकतीस वर्षे विद्यापीठात तर्कशास्त्र शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसाला 'काहीही न बोलणे' या युक्तिवादाचे खंडन अद्याप सापडलेले नाही.

दुसरे कलम भावाने या ज्येष्ठात पाठविले. सोबत निरोप होता: "हे शेवटचं. आता मागे झाड नाही." सरोजने ते व्हरांड्यात सावलीला ठेवले आणि मला एवढेच विचारले, "अहो, या वेळी नक्की ना?"

"या वेळी," मी म्हणालो, "चुकायला जागाच ठेवलेली नाही."

आणि खरोखरच ठेवली नव्हती. सोनचाफ्याला माती लागते ती भुसभुशीत, किंचित आंबट आणि पाणी न धरणारी. आमच्या अंगणात होता वरच्या हातभर थरात बिल्डरने टाकलेला विटांचा मलबा, आणि त्याखाली अशी खारी माती, की उन्हाळ्यात तिच्यावर मिठासारखी पांढरी भुकटी फुटते. मी ती सगळी उपसली. तिच्या जागी चार घमेली पालापाचोळ्याचे खत. हे मी स्वतः, आंबा आणि जांभळाची पाने जाळीच्या पिंजऱ्यात दोन वर्षे कुजवून तयार केले होते. दोन घमेली मौरंग, म्हणजे इकडची लालसर, जाड वाळू. गोमतीची बारीक रेती मी तपासून नाकारली. एक घमेले जुने शेणखत. मूठभर निंबोळी पेंड, चिमूटभर गंधक. याच प्रमाणाने खड्डा भरेपर्यंत. मातीचा सामू, म्हणजे आंबट-खारेपणा मोजायचा आकडा, साडेआठ होता तो साडेसहावर आला. पूर्वी बादलीभर पाणी जिरायला एक तास दहा मिनिटे लागत. आता सात मिनिटे लागत होती. हे मी घड्याळ लावून अकरा वेळा मोजले.

आमचा माळी छेदीलाल बाराव्या वेळी कंटाळला. "बाबूजी," तो फावड्यावर हनुवटी टेकवून म्हणाला, "पेड़ लगइहौ कि पेड़ का बियाह करिहौ?"

मी त्याला सांगितले की माती भरल्यानंतर खड्डा तीन आठवडे मुरू द्यावा लागतो, खाली बसू द्यावा लागतो, आणि मगच कलम लावायचे. भाद्रपद उलटला की मुहूर्त. खड्डा वीतभर खाली बसला. भोवती मी एका विटेची कड केली. सगळे हिशेबात होते. फक्त गणपती हिशेबात नव्हते.

लखनौमध्ये आमचे मराठी मंडळ आहे. आमचे सोडून एकेचाळीस घरे. कुणी बँकेत, कुणी संशोधन संस्थेत, कुणी कंपनीत. बहुतेकांची घरे चौथ्या नाही तर सातव्या मजल्यावर, आणि सगळ्यांच्या घरी शाडूचा गणपती. मूर्ती बादलीत विसर्जित होते, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. नंतर त्या बादलीतल्या मातीचे काय करायचे, यावर मात दरवर्षी चर्चा होते. गच्चीवर ओतावी तर सोसायटीचा सेक्रेटरी भांडतो, मोरीत ओतावी तर मन धजत नाही आणि मोरीही तुंबते. मंडळाचे चिटणीस मधुसूदन, मूळचे नागपूरचे, बँकेत मॅनेजर, यांनी या वर्षी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर सर्वांची मते मागविली.

मत मागितल्यावर न देणे हे माझ्या स्वभावात नाही. अर्धवट देणे तर मुळीच नाही. आपल्या शास्त्रकारांची वादाची एक थोर रीत आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे. तेही असे, की खुद्द प्रतिपक्षालाही इतके चांगले मांडता आले नसते. आणि मग त्याचे सांगोपांग खंडन करायचे. मी हीच रीत वर्गात पाळली, घरात पाळली, एकदा पासपोर्ट कार्यालयातही पाळली.

तेव्हा मी लिहिले: "ज्या मातीने दहा दिवस देवपण पेलले तिने अखेर अनोळखी गाळात मिसळावे, हे कोणत्या गृहस्थाला रुचेल? त्यापेक्षा साऱ्या मंडळींच्या मूर्ती एकाच अंगणात, एकाच वृक्षाच्या मुळाशी विसावल्या, तर त्या वृक्षाचे प्रत्येक फूल हा एकेचाळीस घरांचा प्रसाद ठरणार नाही काय? आणि असा निर्मळ खड्डा तर आमच्याच अंगणात, सोनचाफ्यासाठी, आज सिद्ध आहे."

हा झाला पूर्वपक्ष. त्यानंतर "आता या मोहक परंतु भ्रामक मताचे खंडन करू" असे म्हणून मी बारा मुद्दे मांडले होते. शाडू ही अत्यंत चिकट माती आहे. ती मुळांचा श्वास कोंडते. सोनचाफ्याच्या खड्ड्यात तिचा एक गोळाही पडता कामा नये. सातवा मुद्दा तर मला स्वतःला इतका आवडला की तो मी सरोजला दोनदा वाचून दाखविला.

तासाभरात गटावर जोडलेल्या हातांची एकेचाळीस चित्रे आली.

"एकमत," मी सरोजला फोन दाखवीत म्हणालो. "एकही आक्षेप नाही. मंडळाच्या इतिहासात प्रथमच."

आमची कन्या सावनी सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. तिला मराठी सगळे समजते. उत्तर मात्र ती हिंदीतच देते. "बाबा, इतना लंबा पूरा पढ़ा किसने होगा?"

"हात जोडलेत, म्हणजे वाचलंय."

"या फिर इसलिए जोड़े कि पढ़ना न पड़े," ती म्हणाली आणि पुन्हा आपल्या फोनमध्ये बुडाली.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, फाटकाशी ई-रिक्षा थांबली. तीतून चारुलताबाई उतरल्या. या आमच्या मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ सभासद. वय ब्याऐंशी, मूळच्या रत्नागिरीच्या, चौक या जुन्या लखनौतल्या वस्तीत एका शाळेतून गाणे शिकवून निवृत्त झालेल्या, आणि तिथेच एका जुन्या घराच्या तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या. चौकापासून आमच्या घरापर्यंत तीन रिक्षा बदलत त्या आल्या होत्या. हातात झाकण लावलेली बादली होती.

"दिनकरराव, काय लिहिलंयत हो. दोनदा वाचलं मी. डोळ्यांतून पाणीच आलं."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "आपण शेवटपर्यंत वाचलंत ना?"

"खाली 'अधिक वाचा' असं काहीतरी निळं निळं आलं होतं. म्हटलं, अजून वाचलं तर रडू आवरायचं नाही." त्यांनी बादली माझ्या हातात दिली. "आमचा दीड दिवसाचा. पहिला मान माझा."

मी खंडनाला सुरुवात केली. "बाई, त्याचं असं आहे, की तो पूर्वपक्ष होता. म्हणजे..."

"पक्ष कसला? पितृपक्षाला अवकाश आहे अजून," असे म्हणून त्या चपला काढून खड्ड्याकडे निघाल्याही. मागून सरोजने माझ्याकडे असे पाहिले, की बारा मुद्दे बाराच्या बारा परत पोटात गेले. ब्याऐंशी वर्षांची बाई अनवाणी उभी आहे आणि तिचा विरघळलेला देव माझ्या हातात आहे. अशा वेळी मुळांच्या श्वसनाविषयी कोणत्या तोंडाने बोलावे?

मी मनाशी गणित केले. शाडू दोन किलो. खड्ड्यातली माती सुमारे सातशे किलो. प्रमाण नगण्य. तर्कदृष्ट्या एक बादली क्षम्य ठरते. तर्काची ही एक गंमत आहे, की त्याला एक बादली मान्य झाली की दुसरी नाकारायला नवीन कारण शोधावे लागते. त्या संध्याकाळी आणखी तीन बादल्या आल्या.

पाचव्या दिवशी नऊ आल्या. मी आता सावध होतो. फाटकाशी खुर्ची टाकून बसलो होतो आणि प्रत्येकाला संपूर्ण संदेश छापील स्वरूपात वाचायला देत होतो. लोक कागद आदराने कपाळाला लावत, घडी करून खिशात ठेवत आणि बादली घेऊन आत जात.

अनंत चतुर्दशीला राहिलेली अठ्ठावीस घरे आली, आणि त्यांच्यामागून टेम्पोतून मंडळाचा सार्वजनिक गणपती आला. तीन फूट उंच, भरीव. चार जणांनी उतरवला. माझ्या अंगणात निळे पिंप मांडले गेले, आरती झाली, आणि पिंपातला दाट, राखाडी राडा माझ्या डोळ्यांदेखत खड्ड्यात ओतला गेला. मी दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिलो होतो. एक जण म्हणाला, "सर, तुम्ही सरका, तुमच्या धोतरावर उडेल."

मी मधुसूदनांना बाजूला घेतले. "मधुसूदन, हे थांबवा. मी याच्या विरुद्ध लिहिलं होतं."

"काय सर, तुम्हीच तर लिहून राहिले होते न. साऱ्या मंडळींनी हात जोडले न गटावर. 'एकेचाळीस घरांचा प्रसाद.' बॅनरवर टाकलं आम्ही ते."

टेम्पोवर खरोखरच ते होते. खाली माझे नाव होते.

"ते माझं मत नव्हे. ते प्रतिपक्षाचं मत."

"प्रतिपक्ष कोण?"

"कोणी नव्हता. मी कल्पिला होता."

मधुसूदनांनी थोडा विचार केला. बँकेत कर्जाचा अर्ज पाहताना करतात तसा. "मग सर, तो जिंकला."

दुसऱ्या दिवशी मी बादलीभर पाणी ओतून घड्याळ लावले. सात मिनिटे झाली. एक तास झाला. दुपारी त्या पाण्यात एक कावळा आंघोळ करून गेला. छेदीलाल कडेला उकिडवा बसून पाहत होता. "बाबूजी, अब यहिमा सिंघाड़ा बोय देव," त्याने मनापासून सल्ला दिला.

व्हरांड्यात कलमाच्या पिशवीत मुळे आता भोकांतून बाहेर डोकावू लागली होती. खालची दोन पाने कडेने पिवळी झाली होती. सरोज रोज सकाळी ती पाने ओल्या फडक्याने पुसे आणि खड्ड्याकडे न पाहता आत जाई.

पण माझा निश्चय ढळला नव्हता. चांगली माती नष्ट झाली नव्हती. ती वीतभर शाडूखाली सुरक्षित होती. शाडू काढला की झाले. मी छेदीलालला फावडे दिले. त्याने ते भिंतीला टेकवून ठेवले.

"भगवान वाली मिट्टी है. हम फावड़ा न चलाउब."

"अरे, तूच म्हणालास शिंगाडे लाव."

"बोवै का कहा रहै. खोदै का नाहीं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वतः अनवाणी, धोतर खोचून, हातांनी शाडू काढायला बसलो. मात्र तोवर कॉलनीतल्या बायकांना या जागेची खबर लागलेली होती. कुणी कडेला उदबत्ती लावून गेले होते, कुणी विटेला लाल धागा बांधला होता, आणि सकाळी फिरायला निघालेल्या चार-पाच जणी एकेक लोटा पाणी आणून वाहत होत्या. पाणी कमी व्हावे म्हणून मी झटत होतो आणि ते लोट्यालोट्याने वाढत होते. मला गुडघाभर चिखलात बसलेला पाहून त्या थबकल्या.

"भाई साहब कोई मन्नत मान रहे हैं क्या?" एकीने सरोजला विचारले.

"हाँ," सरोज म्हणाली. "मिट्टी की."

त्या बिचाऱ्यांनी हात जोडले आणि जाताना आणखी एकेक लोटा वाहिला.

त्या संध्याकाळी मी सावनीला शरण गेलो. मंडळींनी दिलेली माती मंडळींनीच न्यावी, हा एकच मार्ग उरला होता. शाडू सुकवून पुढच्या वर्षी पुन्हा मूर्तीला वापरता येतो. शिवाय विसर्जनाच्या जागेची चिमूटभर माती घरी नेण्याची आपली रीतच आहे. मी या आशयाचे एक निवेदन लिहायला घेतले. पहिल्या परिच्छेदात, 'एकदा अर्पण केलेली वस्तू परत घेऊ नये असे कोणी म्हणेल,' इथवर आलो असता सावनीने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"नहीं बाबा. सामने वाले की तरफ़ से एक लफ़्ज़ नहीं. तीन लाइन, बस."

मी मन घट्ट करून तीन ओळी लिहिल्या. 'वरच्या थरातील शाडू तेवढाच' हे शब्द सावनीने लांबी कमी करण्यासाठी खोडले. उरले ते असे: "खड्ड्यातील माती कृपया घरी न्यावी. रविवारी सकाळी आठला यावे. पिशवी आणावी."

रविवारी पावणेआठलाच गर्दी झाली. एकेचाळीसच्या एकेचाळीस घरे आली. कुणी पिशव्या आणल्या, कुणी गोण्या, कुणी घमेली. माझे मन भरून आले. संक्षेपाची ताकद मला त्या दिवशी प्रथम कळली, आणि मी ते मधुसूदनांना मोकळेपणाने सांगितले.

"पण सर," मधुसूदन म्हणाले, "त्या दिवशीचा आपला मुद्दा राहूनच गेला. ज्याचा प्रतिपक्षच नाही, तो वाद कसा?"

आता हा प्रश्न असा होता, की त्याला तीन ओळींत उत्तर देणे म्हणजे शास्त्राचा अपमान. मी त्यांना फाटकाशी घेऊन गेलो आणि वाद, जल्प आणि वितंडा या शास्त्रोक्त चर्चेच्या तीन प्रकारांतला भेद समजावून सांगू लागलो. मागे फावड्यांचे आवाज येत होते. डोक्यावरून अमौसीला उतरणारे विमान गेले तेव्हा मी वितंडेवर होतो, दुसरे गेले तेव्हा पुन्हा वादावर आलो होतो. मधुसूदन मान डोलावत होते. मधूनमधून माणसे जड पिशव्या घेऊन आमच्या शेजारून जात आणि म्हणत, "सर, थँक यू हां. काय माती आहे!" मी हात वर करून ते स्वीकारत होतो.

सव्वानऊला मी वळलो.

खड्डा रिकामा होता. अर्धवट नव्हे, संपूर्ण. तळाची पिवळी, खारी जमीन दिसत होती, आणि तिच्यावर एक विसरलेले खुरपे. कडेला, नीट रचून ठेवलेला, सगळाच्या सगळा शाडू होता.

झाले होते ते अगदी तर्कशुद्ध होते. मंडळींनी शास्त्रापुरता चिमूटभर शाडू घेतला. तो चिकट, कुंड्यांना निरुपयोगी. खाली काळी, मऊ, चहाच्या पुडीसारखी मोकळी माती लागली. कुणीतरी ती हातात घेऊन हुंगली. संदेशात तर स्वच्छ लिहिलेले होते, की खड्ड्यातील माती घरी न्यावी. गेली चार वर्षे लखनौतल्या चौथ्या मजल्यांवर जी तुळस खुरटत होती, तिच्यासाठी याहून मोठा प्रसाद कोणता?

दोन वर्षे कुजविलेली पाने, पाहणी करून निवडलेली मौरंग, साडेसहाचा सामू. सगळे एकेचाळीस दिशांना गेले होते.

सरोज व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. कलमाची पिशवी तिच्या मांडीवर होती. "किती दिवस काढेल हो हे असं?" तिने विचारले. रागावून नाही. खरेच विचारत होती.

"आठवडा," मी म्हणालो. खोटे बोलणे शक्य नव्हते. "फार तर दहा दिवस."

पानांचे नवीन खत करायला दोन वर्षे लागणार होती. बाजारात मिळते ते मी तपासले. त्यात पाने कमी आणि राख जास्त होती. तालाबच्या मातीचा अनुभव ताजा होता. तेव्हा एकच मार्ग राहिला. माझी माती मी परत आणणार.

त्याच दुपारी मी स्कूटरवर रिकाम्या गोण्या बांधून मधुसूदनांकडे गेलो. त्यांच्या बाल्कनीत अकरा कुंड्या होत्या, अकराही माझ्या मातीने भरलेल्या, आणि एकीत त्यांच्या सूनबाई मोगरा लावीत होत्या. त्यांनी मला शिरा दिला. शिरा खाऊन झाल्यावर मी विषयाला हात घातला.

"मधुसूदन, तुम्ही म्हणाल, की ही माती आम्हाला रीतसर निमंत्रण देऊन दिलेली आहे. तुम्ही म्हणाल, की ती आता आमच्या कुंड्यांत रुजली आहे, आणि दिलेला प्रसाद परत मागणं शोभत नाही..."

"अगदी माझ्या मनातलं बोलले सर," मधुसूदन म्हणाले, आणि मला जिन्यापर्यंत पोहोचवून आले.

घरी आल्यावर सरोजने रिकाम्या गोण्या पाहिल्या. दुसऱ्या दिवशी मी चौकाकडे निघालो तेव्हा ती कलम घेऊन मागच्या सीटवर बसली.

"तू कशाला?"

"तुम्ही माती मागा. मी नुसती येते."

चारबागच्या गर्दीतून वाट काढताना मी मनात एकच वाक्य घोकत होतो. माझी माती मला परत हवी आहे. पुढे नाही, मागे नाही. चौकातल्या गल्लीत स्कूटर शिरत नाही. तोंडाशीच लावून आम्ही चालत गेलो. चिकनच्या भरतकामाच्या दुकानांमधल्या बोळातून आत गेले की चारुलताबाईंचे घर. त्यांनी दार उघडताच मी म्हणालो, "बाई, माझी माती मला परत हवी आहे."

"घ्या की," चारुलताबाई म्हणाल्या.

मी पुढचे वाक्य तयार केलेले नव्हते. आयुष्यात प्रथमच मला कोणी प्रतिपक्ष दिला नव्हता, आणि दारात उभे राहून हातांचे काय करायचे ते मला समजेना.

आत छोटे अंगण होते. सर्वांत ज्येष्ठ म्हणून रविवारी मंडळींनी त्यांना चार गोण्या भरून दिल्या होत्या आणि टेम्पोने घरी पोचविल्या होत्या. अंगणात पाण्याचा एक जुना, सिमेंटचा हौद होता, तळाला तडा गेलेला. चारही गोण्या त्यांनी त्यात रित्या करवून घेतल्या होत्या. "काय लावायचं ते ठरत नव्हतं," त्या म्हणाल्या. "नुसतीच ओली करून ठेवते रोज. वास चांगला येतो."

मी हौदात बोट घातले. माझीच माती होती. सरोज मात्र मातीकडे बघत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती. पश्चिमेला उंच भिंत, म्हणजे उन्हाळ्यात लूचा गरम वारा लागणार नाही. पूर्व मोकळी, म्हणजे दुपारपर्यंत ऊन. तळाला तडा, म्हणजे पाणी तुंबणार नाही. हे सगळे मुद्दे मी मांडले असते. तिने ते एकही न मांडता कलम हौदाच्या काठावर ठेवले.

"इथेच लावू या."

"सरोज, हे आपल्या घरापासून तेरा किलोमीटर आहे."

"हो."

"शेवटचं कलम आहे हे. तुझ्या घरचं."

"म्हणूनच." तिने पदर खोचला. "तिकडे नेलंत तर उद्या पुन्हा कुणालातरी काहीतरी लिहाल."

यावर बारा मुद्दे होते. मी गोण्यांची घडी घातली आणि खुरपे शोधायला आत गेलो. लावून झाल्यावर मी एक बादली पाणी ओतून घड्याळ लावले. साडेसहा मिनिटे. अंगणातल्यापेक्षा अर्ध्या मिनिटाने सरस. सिमेंटच्या तड्याचे श्रेय मी नाकारीत नाही.

सरोज आता दर गुरुवारी चौकात जाते. आधी झाडासाठी जात असे. आता दोघी मिळून पेटी काढून बसतात, असे कळते. चैत्रात एका सकाळी चारुलताबाईंचा फोन आला: "या हो. उमललंय."

एकच फूल होते. कलम उंचीने माझ्या कंबरेपर्यंतही नव्हते, पण बोळाच्या तोंडापासून वास येत होता. सरोज बराच वेळ जवळ गेली नाही. मग गेली, आणि तिने फुलाखालच्या पानावरची धूळ पदराने पुसली.

चारुलताबाई माझ्याकडे वळल्या. "दिनकरराव, या आमच्या खाऱ्या मातीच्या गावात हा फुलला तरी कसा? मातीत असं काय घातलं होतंत?"

दोन वर्षे मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. कुणीही, कधीही, तो मला विचारला नव्हता. मी घसा साफ केला. "आता कुणी असं म्हणेल, की..." अशी सुरुवात केली, एवढ्यात सरोजने ते फूल खुडले आणि माझ्या नाकाशी धरले.

बोलायचे तर श्वास बाहेर सोडावा लागतो. तो मी बराच वेळ सोडला नाही.